औंधच्या राजाची बातमी

13 एप्रिल 1951 रोजी औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला, तेव्हा त्यांना राजा म्हणावे की माजी राजा म्हणावे, हा प्रश्न मृत्युवार्ता लिहिणाऱ्या कोणाही संपादकापुढे उभा राहावा अशीच परिस्थिती होती. संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन होऊन तीन वर्षे लोटली होती. दरबार मोडला होता, दफ्तर सरकारजमा झाले होते, आणि ज्या महालांवर प्रतिनिधींचा शिक्का चाले तेथे आता मामलेदार कचेरीचा अंमल सुरू होता. परंतु अडचणीचे मूळ याहून खोल होते. ज्या पुरुषाने विलीनीकरणाच्याही नऊ वर्षे आधी, कोणत्याही फौजेचा वा मोर्चाचा धाक नसताना, आपली राजसत्ता स्वहस्ते रयतेच्या पदरात घातली, त्याला नेमक्या कोणत्या दिवसापासून माजी म्हणावयाचे? 1948 पासून म्हणावे तर तो इतर शेकडो संस्थानिकांच्या रांगेत जाऊन बसतो. 1939 पासून म्हणावे, तर भारताच्या आधुनिक राज्यव्यवहाराचा एक अध्यायच त्याच्या नावाने लिहावा लागतो.

वृत्तपत्रांनी, आणि वृत्तपत्रांच्या वाटेने चालणाऱ्या एकंदर लोकस्मृतीने, पहिली वाट पत्करली असे मला वाटते. पंतप्रतिनिधींचे नाव पुसले गेले नाही. मात्र ज्या कृतीमुळे ते टिकावयास हवे होते त्या कृतीपासून ते सुटे झाले. हे कसे घडले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

प्रतिनिधी हे पद मराठी राज्याच्या अत्यंत बिकट काळात, राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यावर असताना निर्माण झाले, आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. 1848 साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर औंधकर, भोरकर, फलटणकर, जतकर, अक्कलकोटकर हे सातारच्या छत्रपतींचे सरंजामदार इंग्रजांच्या थेट छत्राखाली आले. त्यांपैकी औंधचा मुलूख 501 चौरस मैलांचा, गावे 72, आणि 1931 च्या खानेसुमारीप्रमाणे वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तोही सलग नव्हता. यमाईच्या डोंगराखालचे औंध खटाव तालुक्याच्या पोटात, कुंडल कृष्णाकाठच्या सुपीक पट्ट्याशेजारी, आटपाडी माणगंगेच्या खोऱ्यात, आणि गुणदाळ तर पार विजापूर जिल्ह्यात. अशा चार तुकड्यांचे हे राज्य नकाशावर शोधून काढावयासही सवड लागे.

या चार तुकड्यांपैकी आटपाडी महाल म्हणजे माणदेशाचे काळीज. माणगंगा दहिवडी, म्हसवड करीत पूर्वेस वळते, आटपाडीचा मुलूख ओलांडून सांगोल्याकडे जाते आणि अखेर भीमेस मिळते. पण वर्षातील बहुतेक महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. खिलारी बैल, मेंढरांचे कळप, बाजरीची आणि हुलग्याची शेते, आणि आभाळाकडे लागलेले डोळे हे या भूमीचे शतकानुशतकांचे चित्र. 1876 च्या महादुष्काळापासून 1972 पर्यंत, दर पिढीने येथे एकदा तरी गाव सोडून चालते झाल्याची आठवण पुढच्या पिढीला सांगितली आहे. अशा प्रदेशावर ज्याचे राज्य, त्याच्या खजिन्यात काय असणार हे सांगावयास नको. आणि म्हणूनच त्याने जे केले ते वैभवाच्या बळावर केलेले नव्हते, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

बाळासाहेब 1909 साली गादीवर आले. डेक्कन कॉलेजात शिकलेले, पदवीधर, स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांनी रामकथेवर काढलेली चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली; भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस त्यांनी लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले, आणि ती आवृत्ती पुरी व्हावयास 1966 साल उजाडले तरी तिच्या आरंभाशी औंधचे नाव कायमचे जोडलेले राहिले. बेळगावहून बाहेर पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी 1910 साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर जागा दिली, पाठबळ दिले, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. वेदविद्येचे व्यासंगी श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधास आश्रय दिला. साने गुरुजी काही काळ औंधच्या शाळेत शिकले, ग. दि. माडगूळकरही तेथलेच विद्यार्थी. 1938 साली त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माय-लेकराचे शिल्पही आहे. 1935 साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

अशा बहुढंगी जीवनाची बातमी वृत्तपत्रांस नित्य मिळत राहावी हे स्वाभाविकच होते, आणि ती मिळण्याची सोय खुद्द औंधच्या हद्दीतच होती. एवढ्याशा संस्थानात नियतकालिकांची दोन केंद्रे नांदत होती. किर्लोस्करवाडीहून 1920 पासून ‘किर्लोस्कर खबर’, पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’, मग 1930 पासून ‘स्त्री’ आणि 1934 पासून ‘मनोहर’ ही मासिके निघत व मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत वाचली जात. औंधास स्वाध्याय मंडळातून सातवळेकरांचे ‘वैदिक धर्म’ आणि ‘पुरुषार्थ’ निघत. मुंबई-पुण्याबाहेरच्या एखाद्या खेडवळ मुलखातून इतका मजकूर छापून बाहेर पडावा, हे त्या काळच्या महाराष्ट्रात दुर्मिळ होते. राजाच्या हयातीत त्याला जाणणारे, त्याच्याशी बोललेले, त्याच्या गावच्या रस्त्यांवरून चाललेले संपादक त्याच्याच राज्यात होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

राजाची परदेशी कीर्ती मात्र एका निराळ्याच कारणाने झाली. बाळासाहेब नित्य सूर्यनमस्कार घालीत. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, संस्थानच्या शाळांतून नमस्कार मुलामुलींना सक्तीचे केले. 1936 साली ते विलायतेस गेले असता ‘न्यूज क्रॉनिकल’ या लंडनच्या दैनिकाच्या लुईझ मॉर्गन या लेखिकेने त्यांची भेट घेतली. साठी उलटलेला हा हिंदी राजा इतका ताठ, इतका तुकतुकीत कसा, हे इंग्रज वाचकांचे कुतूहल होते, आणि त्या कुतूहलातून 1938 साली मॉर्गनबाईंनी संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. नमस्काराच्या दहा अवस्था इंग्रज गृहिणीच्या दिवाणखान्यात पोहोचल्या. यात वावगे काहीच नव्हते. बाळासाहेबांनी तो प्रसार मनापासून केला. पण एकदा वृत्तपत्राने मनुष्याच्या गळ्यात एक बिरुद घातले की त्याने पुढे कितीही थोर कार्य केले तरी ते बिरुद काढून नवे घालावयास वृत्तपत्र सहसा तयार होत नाही. औंधचा राजा म्हणजे सूर्यनमस्काराचा राजा, हे समीकरण 1938 पर्यंत पक्के झाले. आणि त्याच सालच्या नोव्हेंबरात राजाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे कृत्य केले.

त्या महिन्यात त्यांनी प्रजेस जबाबदार राज्यपद्धती देण्याचा जाहीरनामा काढला. त्यामागे तीन माणसांची प्रेरणा होती. राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन नुकते परतले होते. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडात जन्मलेले इंजिनिअर बंगलोरच्या सरकारी विद्युत कारखान्यातले काम सोडून, भगवी वस्त्रे नेसून, भारतानंद या नावाने औंधास आले होते. आणि तिसरे महात्मा गांधी, ज्यांच्याकडे ही मंडळी घटनेचा मसुदा घेऊन सेवाग्रामास गेली. मुंबईच्या कायदेमंडळाचे एक लहानसे अनुकरण औंधास करावे, यात गांधीजींना गोडी नव्हती. त्यांनी बोट ठेवले ते खेड्यावर. म्हणून 21 जानेवारी 1939 च्या औंध संस्थान घटना कायद्याचा पाया गावचे पंच हा झाला. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडावेत, त्या पंचांतून तालुक्याची सभा उभी राहावी, आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींतून संस्थानचे विधिमंडळ घडावे, अशी ती खालून वर चढत जाणारी रचना होती. रस्ता, पाणी, शाळा, दिवाबत्ती यांचा कारभार गावाकडे, त्यासाठी वसुलातील वाटा गावाकडे, आणि लहान कज्जे गावच्याच चावडीवर तुटावेत, वकिलाच्या फीपायी शेतकऱ्याचे बैल विकले जाऊ नयेत, हा तिचा हेतू. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्या घटनेचा परामर्श घेतला.

ज्या राजाच्या पूर्वजांनी सनदा दिल्या-घेतल्या, ज्याच्या एका शब्दावर इनाम मिळे वा जप्त होई, त्याने सत्तरी ओलांडल्यावर आपल्या बहात्तर गावांतील न शिकलेल्या पंचांच्या हाती निर्णय सोपवावा आणि स्वतः ठरावीक तैनातीवर राहणे मान्य करावे, याची किंमत आज आपल्याला सहज उमगत नाही. सार्वभौम सरकारचे राजकीय खाते अशा प्रयोगांकडे संशयाने पाहत असे. शेजारच्या संस्थानिकांना तो आपल्या पायाखालची माती उकरण्यासारखा वाटला असेल तर त्यात नवल नाही. आणि पंच तरी कोठे तयार होते? शतकांच्या पाटीलकी-कुलकर्णीपणाच्या वहिवाटीत वाढलेल्या गावाला आपल्या रस्त्याचा हिशेब आपणच ठेवावयाचा हे शिकवावे लागले. अप्पासाहेब त्यासाठी गावोगाव हिंडले. तेथे भांडणे झाली, तट पडले, काही ठिकाणी काम अडले. तरीही ती घटना कागदावरची राहिली नाही. संस्थान विलीन होईपर्यंत ती चालली.

मग त्या वेळच्या वृत्तपत्रांनी याची दुंदुभी का पिटली नाही? याचे उत्तर त्याच महिन्यांत, गुजरातेत सापडते. डिसेंबर 1938 मध्ये राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी सुधारणांचे वचन दिले आणि जानेवारीत ते मोडले. सत्याग्रह पेटला, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, आणि मार्च 1939 मध्ये गांधीजींनी राजकोटात उपोषण आरंभिले. साऱ्या देशाची दृष्टी तेथे खिळली. वचन मोडणारा राजा ही बातमी होती. वचन न मागता देणारा राजा ही बातमी होऊ शकली नाही, कारण त्यात तुरुंग नव्हता, लाठी नव्हती, उपोषणाच्या प्रकृतीचे रोजचे पत्रक नव्हते. औंधास जे घडत होते ते चावडीवरच्या सतरंजीवर, हिशेबाच्या वहीत, विहिरीच्या वाटणीत घडत होते. तेथे रोज वार्ताहर पाठवील असे वृत्तपत्र त्या काळी नव्हते, आणि आजही नाही.

याच वर्षी औंधने दुसरेही एक बीज रोवले. फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून आटपाडीजवळ कैद्यांची एक खुली वसाहत वसविण्यात आली: भिंत नाही, बेडी नाही, गुन्हेगाराने आपल्या बायकामुलांसह राहावे, शेत कसावे, आणि विश्वास हाच त्याचा पहारा. तिचे नाव स्वतंत्रपूर. माणदेशाच्या ज्या माळावर स्वतंत्र मनुष्यालाही पोट भरणे कठीण, त्या माळावर खुनाची शिक्षा भोगणाऱ्याने हिरवे शेत उभे करावे, ही कल्पना धाडसाची होती, आणि तिला मुद्रा देणारा राजा तितकाच धाडसी होता.

पुढची काही वर्षे कुंडलच्या नावाने गाजली. 1943 पासून सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, जी. डी. बापू लाड यांचे कुंडल हे त्याचे एक मुख्य ठाणे. न्यायनिवाडे, दारूबंदी, सावकारी पाशातून सोडवणूक ही कामे प्रतिसरकारने गावकऱ्यांच्या सभेत चालविली. जे कुंडल 1939 पासून औंधच्या घटनेखाली आपले पंच निवडीत होते, त्याच कुंडलात चार वर्षांनी लोकांनी इंग्रजांचा अंमल झुगारून आपले न्यायदान आपण सुरू करावे, या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असावा असे मला वाटते. सवय एकदा लागली की ती हद्द ओळखत नाही. पण नाना पाटील 6 डिसेंबर 1976 रोजी निवर्तले तोपर्यंत त्यांच्या कार्यालाही ‘पत्री सरकार’ हे नाव इतके चिकटले होते की पायांना पत्री ठोकल्याच्या कथाच सांगितल्या जात राहिल्या आणि लोकन्यायालयांची गोष्ट मागे पडली. एकाच मातीतल्या दोन पुरुषांच्या वाट्याला हे सारखेच आले: एकाला व्यायामाने झाकले, दुसऱ्याला पत्रीने.

औंधच्या बाबतीत काळाने आणखी एक घाव घातला. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली आणि तिच्या पाठोपाठ सातारा भागात ब्राह्मणांच्या घरांवर जाळपोळीचे जे सत्र उसळले, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटविला गेला. गांधीजींच्या हातून आपल्या राज्याची घटना घडवून घेणाऱ्या राजाच्या मुलखात, गांधीजींच्याच नावाने आग लागावी, याहून दारुण विपर्यास कोणता? त्यानंतर पाच आठवड्यांत संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी सातवळेकर आपल्या स्वाध्याय मंडळासह गुजरातेत पारडीस गेले. किर्लोस्करवाडीची मासिकेही पुढे पुण्यास हलली. अप्पासाहेब 1948 पासूनच ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर होते आणि पुढची अनेक वर्षे देशोदेशी वकील म्हणून फिरले. राजाला जाणणारी लेखणी, राजाच्या हद्दीतले छापखाने आणि राजाच्या प्रयोगाचा सर्वांत जवळचा साक्षीदार हे तिन्ही अशा रीतीने पांगले.

त्यात मुलूखही वाटला गेला. 1 ऑगस्ट 1949 रोजी सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. औंध उत्तर साताऱ्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात गेले, ज्याचे नाव 1960 च्या नोव्हेंबरात सांगली झाले. गुणदाळ विजापुरासह 1956 साली म्हैसूर राज्यात गेले. वृत्तपत्राची स्मृती जिल्ह्याच्या सीमेत चालते. साताऱ्याचे वर्तमानपत्र साताऱ्याच्या थोरांची पुण्यतिथी पाळते, सांगलीचे सांगलीच्या. ज्याचा वारसा तीन जिल्ह्यांत व दोन राज्यांत विखुरला, त्याला आपला म्हणून दरवर्षी पहिल्या पानावर घेणारे पत्र कोणते?

मृत्युलेखाचा म्हणून एक साचा असतो. जन्म, घराणे, शिक्षण, राज्यारोहण, भूषविलेली पदे, अभिरुची, आणि अखेरीस एखादी हृद्य आठवण. या साच्यात बाळासाहेबांचे चित्र, कीर्तन, संग्रहालय, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, सूर्यनमस्कार हे सारे नीट बसते. कारण या सर्व त्यांनी मिळविलेल्या, जमविलेल्या, केलेल्या गोष्टी आहेत. त्यांनी जे सोडले, ते मात्र या साच्यात कोठे ठेवावे? पद मिळाल्याची तारीख देण्यास ओळ असते. सत्ता देऊन टाकल्याची तारीख देण्यास ओळ नसते. म्हणूनच 21 जानेवारी 1939 हा दिवस महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलाला ठाऊक नाही, आणि ती उणीव एकट्या शाळेची नव्हे.

जे वृत्तपत्रांस साधले नाही ते माणदेशाच्या दोन भावांनी केले. माडगुळे हे औंध संस्थानातील गाव. तेथले व्यंकटेश माडगूळकर कोवळ्या वयात त्याच मुलखात खेड्यावर शिक्षक होते. राजाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1955 साली, त्यांची ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. तीत मेंढरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर आहे, धनगर आहेत, सर्वांनी मिळून बांधलेली तालीम आहे, आणि त्या तालमीसाठी वाडीवर येणारा राजाही आहे. दुष्काळाने शेवटी ती वाडी उठते. या कादंबरीत घटना, विधिमंडळ, महात्मा यांचा उच्चार नाही, तरी राजा आणि रयत यांच्यामधले जे अंतर औंधने कमी केले त्याचा अनुभव वाचकाला त्या एका प्रसंगातून येतो: तालीम गावाने बांधली, राजा ती पाहावयास आला. राजाने तालीम बांधून दिली असे ते चित्र नाही. माझ्या मते पंतप्रतिनिधींचा सर्वांत सत्य मृत्युलेख हाच आहे, आणि तो त्यांच्या नावावाचून लिहिलेला आहे.

थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांनी औंधच्या राजाविषयी जिव्हाळ्याने लिहिले. परंतु त्यांच्या हातून त्याहून दूर गेलेली गोष्ट म्हणजे ‘दो आँखें बारह हाथ’. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून स्फुरलेली ही कथा त्यांची, चित्रपट व्ही. शांताराम यांचा, साल 1957. सहा खुनी कैदी, एक जेलर, आणि उजाड माळाचे शेत. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, 1958 साली बर्लिनच्या महोत्सवात तो गौरविला गेला, आणि जगभरच्या समीक्षकांनी त्यातील मानवतेची वाखाणणी केली. पण पडद्यावर श्रेय एकट्या जेलरच्या करुणेला जाते. त्या कथेत राजा नाही, त्याने काढलेला हुकूम नाही, संस्थान नाही. कलावंतास ते स्वातंत्र्य आहे, आणि त्याबद्दल मी तक्रार करीत नाही. तथापि वृत्तपत्राचे काम तेथूनच सुरू व्हावयास हवे होते. पडद्यावर पाहिलेला माळ खरोखर कोठे आहे, तो कोणी दिला, त्यावर पहिला नांगर कोणत्या साली फिरला, हे वाचकाला सांगणे हे चित्रपटाचे काम नसते. चित्रपटाविषयी आजवर अपार लिहिले गेले. आटपाडीविषयी फार थोडे.

1957 सालीच बलवंतराय मेहता समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. 2 ऑक्टोबर 1959 रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा आरंभ झाला, वसंतराव नाईक समितीनंतर 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि 1993 साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीस संविधानाचे अधिष्ठान दिले. या प्रत्येक टप्प्यावर अग्रलेख लिहिले गेले, आणि इतिहास सांगताना ते बहुधा नागौरपासून आरंभ करतात. नागौरच्या वीस वर्षे आधी, खेड्यापासून वर चढणारी, कायद्याने बांधलेली पंचायतव्यवस्था महाराष्ट्राच्याच मातीत नऊ वर्षे चालली होती, ही गोष्ट सांगावयास इंदिरा रोदरमुंड यांचा 1983 चा इंग्रजी प्रबंधग्रंथ आणि अप्पासाहेबांनी पित्यावर लिहून 1989 साली प्रसिद्ध केलेले इंग्रजी पुस्तक यावे लागले. दोन्ही मोलाची पुस्तके. परंतु ज्या आटपाडीच्या पंचांची ती कहाणी, त्यांच्या नातवंडांच्या हाती ती पडली असतील, असे वाटत नाही.

अलीकडे योगाचा जागतिक प्रसार झाला आणि 2015 पासून 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जाऊ लागला, तेव्हा बाळासाहेबांचे नाव पुन्हा छापून येऊ लागले. आधुनिक योगाच्या इतिहासाचे परदेशी अभ्यासक सूर्यनमस्काराचा माग काढीत औंधपर्यंत येऊन पोहोचले. सूर्यनमस्कार प्राचीन की अर्वाचीन, औंधचा की म्हैसूरचा, यावर वाद झडले. त्या वादात औंधच्या राजाला हिरिरीने साक्षीस बोलावले जाते. मृत्यूनंतर सात दशकांनी राजा जगभरच्या वृत्तपत्रांत आला, आणि आला तो 1936 साली लंडनच्या वार्ताहर स्त्रीने त्याला ज्या वेषात पाहिले त्याच वेषात. मधल्या काळात जणू त्याने काही केलेच नव्हते.

हे लिहिताना सूर्यनमस्काराचे मोल कमी करण्याचा माझा लेशमात्र हेतू नाही. ज्या राजाने स्वतःच्या देहाला शिस्त लावली, त्यालाच आपल्या सत्तेलाही शिस्त लावणे सुचले, असे मी मानतो. दोन्ही एकाच वृत्तीची फळे आहेत. वृत्तपत्राने ती एकत्र सांगितली असती तर पुरे होते. पण आरोग्याच्या सदरात नमस्कार, प्रवासाच्या पुरवणीत संग्रहालय, सिनेमाच्या पानावर स्वतंत्रपूर, आणि पंचायतीच्या अग्रलेखात कोणीच नाही, अशी ही वाटणी झाली. संस्थानाचे चार तुकडे इतिहासाने केले होते; राजाचे तुकडे आपण केले.

सातारा आणि सांगली येथील संपादकांना माझी विनंती आहे. योगदिनाला जी जागा आपण बाळासाहेबांना देता, तिच्यापैकी चतुर्थांश जागा वर्षातून एकदा 21 जानेवारीला द्यावी. आटपाडी, कुंडल, औंध येथील जुन्या घरांतून त्या पंचांच्या पिढीच्या आठवणी अद्याप सर्वस्वी विझलेल्या नसतील. कोणाच्या माळ्यावर ग्रामपंचायतीची एखादी वही, एखादा निकाल, एखादी वसुलाची पावती सापडेल. ती छापावी. जे वार्ताहर दुष्काळाची छायाचित्रे घेण्यासाठी माणदेशात येतात, त्यांनी आटपाडीच्या बाजूने एक मैल अधिक चालावे. स्वतंत्रपूर तेथे अजून आहे. राज्याच्या कारागृह खात्याकडे त्याचा कारभार आहे, आणि कैदी तेथे आपल्या कुटुंबासह राहून शेती करतात.